आडवा फोटो

धनूला माझ्या दुकानात तुम्ही पाठवलंत, साहेब.

हात वर करू नका. तुमचं चॅनेल, त्यावर आवाज चढवून बोलणारा तुमचा तो कोटवाला माणूस, आणि त्याच्या मागे बसून ‘अजून दाखवा’ म्हणणारे तुम्ही. कोण धनू, असं विचारायची सोय तुम्हाला आता उरलेली नाही. बाकीच्या वाचणाऱ्यांना सांगते, धनू हे त्याचं खरं नाव नव्हे. गावाचं नाव तर मी लिहिणारच नाही. नाव कळलं की तुमच्या गाड्या येतात.

तो आला तेव्हा मी पुंजाआबांचा फोटो काढत होते. आमच्याकडे म्हातारी माणसं जिवंतपणीच भिंतीवरचा फोटो काढून ठेवतात. म्हणजे माणूस गेल्यावर घरच्यांना जुनी कागदं उपसत बसायला नको. आबा टोपी नीट करत स्टुलावर बसले होते.

“वर जागा सोड गं इंदू. हार घातला की कपाळ झाकतंय. आमच्या थोरल्याचं तसंच झालंय. हाराच्या मागून नुसत्या मिशा दिसतात.”

“आबा, तुम्हाला इतक्यात कोण हार घालतंय!”

“अगं, सुना तयारच हायेत. फोटोसाठी अडलंय.”

मी हसले. बाकावर बसलेला धनू हसला नाही. तो आबांकडे बघतही नव्हता. आतल्या खोलीत आमचं फ्लेक्स छपाईचं काम चालतं. तिथे माझ्या नवऱ्याने, सदाशिवने, टीव्ही लावून ठेवला होता, आणि धनू मान वाकडी करून दारातून तोच बघत होता. तुमचंच चॅनेल होतं.

पलीकडच्या जिल्ह्यात एका माणसाने वरातीत टेम्पो घातला होता. मुलीने नकार दिला, तिचं लग्न दुसरीकडे ठरलं, म्हणून. नवरदेव मेला, करवली मेली, बँडवाले मेले, कडेवरची पोरं मेली. त्याला आठवडा उलटून गेला होता, पण तुमचं संपत नव्हतं. कार्टूनमधला टेम्पो यायचा, कार्टूनमधली माणसं खेळण्यांसारखी उडायची, मग टेम्पो मागे जाऊन परत यायचा. त्याचे मास्तर बोलले, त्याचा न्हावी बोलला, त्याला भाकरीबरोबर काय आवडायचं ते त्याच्या आईला विचारून झालं. तुम्ही त्याला नावही दिलंत, ‘वरातीचा काळ’. आणि पडद्यावर सारखा त्याचा तो फोटो. पांढरा शर्ट, हनुवटी वर, आणि बाजूला तुमची पेटलेली अक्षरं. मेलेल्यांची नावं खालच्या पट्टीत पळायची, आणि वाचून होईपर्यंत तिथे सोन्याचा भाव यायचा.

आबा गेले. धनू उठला.

“वहिनी, माझा फोटो काढा.”

धनूला मी लहानपणापासून ओळखत होते. दुधाची पिकअप चालवायचा. वाड्यावस्त्यांवरून कॅन गोळा करायचे आणि डेअरीत पोचवायचे. अबोल, पण वेळेचा पक्का. त्या दिवशी नवा पांढरा शर्ट घालून आला होता. घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या.

“बायोडाट्याला पाहिजे का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग कशाला?”

“असाच. आडवा काढा.”

“एकट्या माणसाचा आडवा कुणी काढतं का? दोन्ही बाजूंनी नुसती भिंत येईल.”

“दोन्ही बाजूंनी नको. मी डावीकडं बसतो. उजवीकडची सगळी जागा मोकळी सोडा.”

“अरे, पण दिसेल कसं ते?”

“तुम्ही काढा तर.”

बसला. मी म्हटलं, हस जरा. त्याने हनुवटी थोडी वर केली, उजवा खांदा पुढे घेतला आणि भिंगात बघितलं. आरशासमोर बसून करून पाहिल्यासारखं. मी म्हटलं, “काय रे, घरी सराव केलास की काय?” मी दोन-तीन काढले. त्याने कॅमेऱ्याच्या मागे येऊन एकेक बघितला आणि मधला निवडला.

“किती प्रती काढू?”

“प्रती नको. मोबाइलमध्ये टाका. आणि तुमच्याकडं ठेवा, पुसू नका. कुणी मागायला आलं तर द्या.”

“कोण येणारे मागायला?”

“येतील,” धनू म्हणाला आणि निघून गेला.

मी आत गेले. सदाशिव कॉम्प्युटरवर एक फ्लेक्स लावत होता. चौकात लागतात तसला. डावीकडे मयताचा फोटो, उजवीकडे मजकूर, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली शोकाकुल मंडळींची फौज. मी त्या पडद्याकडे बघत उभी राहिले. मी ज्या जागेला भिंत म्हणत होते ती मजकुराची जागा होती. पोरगा स्वतःच्या फ्लेक्ससाठी जागा सोडून गेला होता.

“अहो, धनू जिवाचं काहीतरी करणार.”

“कोण म्हणतं?”

मी सांगितलं. सदाशिवने माऊस सोडला नाही.

“तुला सगळीकडं मढंच दिसतं. तू म्हाताऱ्यांचे फोटो काढणं बंद कर.”

“पूनमचं लग्न आहे पुढच्या आठवड्यात.”

तेव्हा मात्र त्याने मागे वळून बघितलं.

पूनमचं अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तिच्या गल्लीत धनूची पिकअप गरजेपेक्षा जास्त थांबायची. तिने एकदा भर रस्त्यात त्याला सांगितलं होतं, “माझ्या दारात हॉर्न वाजवू नको. आमच्यात दूध घेत नाहीत.” सरळ मुलगी. वाईट काही बोलली नव्हती. पोरांनी मात्र त्याला त्यावरून छळ छळ छळला. नंतर तिचं लग्न ठरलं, मुलगा जवळच्याच गावचा. फोटो आणि शूटिंग माझ्याकडे आलं होतं, कारण बाई फोटोग्राफर असली की आतल्या बायका मोकळ्या वागतात.

मी धनूच्या घरी गेले. त्याची आई भागाबाई ओसरीत दुधाचा कॅन आडवा करून त्यात हात घालून घासत होती.

“भागाबाई, धनू जेवतो का नीट?”

“कशाचं जेवतंय! ताट घेतंय आणि टीव्हीम्होरं बसतंय. ताट तसंच ऱ्हातंय.”

“काय बघतो?”

“ते न्हाई का, ते टेम्पोचं. म्या म्हणलं, बंद कर बाबा ते रगत. तर म्हणतो, आये, त्याच्या आईला बघ, कशी खुर्चीवर बसवून विचारत्यात. म्हणलं, बसवतील न्हाईतर काय, लेकानं दिवे लावलेत! तर माझ्यावरच डाफरला.”

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. पण माझ्या डोक्यात फ्लेक्स बसला होता, त्यामुळे मला तेवढंच दिसत होतं. मी तिला फोटोचं सांगितलं. तिचा हात कॅनमध्येच थांबला.

“आता गं बाई.”

मग आम्ही दोघींनी घर पालथं घातलं. फवारणीचं औषध मी पिशवीत घालून माझ्या घरी नेलं. दोर तिने शेजारणीकडे दिला. विहिरीकडच्या दाराला कुलूप घातलं. वस्तऱ्याचं पातंसुद्धा काढून घेतलं.

“आणि गाडी?” मी विचारलं.

“गाडीवर असला म्हंजी बरा असतो गं त्यो. दहा जण भेटत्यात, जीव रमतो.”

“मग गाडीवरच असू दे,” मी म्हटलं. “घरात एकटा बसू देऊ नका.”

पोलीस चौकीतल्या जमादारांनाही सांगून ठेवलं. ते चहा पीत होते. म्हणाले, “त्यानं केलंय काय? फोटो काढलाय. फोटो काढणं गुन्हा असेल तर पहिली तूच आत जाशील.” सगळे हसले. मीही हसले. न हसून काय करता?

त्यानंतर मी धनूवर डोळा ठेवला. पिकअप चौकातून गेली की दुकानाबाहेर यायचं, परत आली का बघायचं. आणि बाहेर उभं राहिलं की दुसरंही दिसायचं. सलूनमध्ये पोरं त्या टेम्पोवाल्यासारखी दाढी कोरून घेत होती. रेडियमच्या दुकानातून एक जण गाडीच्या काचेवर ‘वरातीचा काळ’ लिहून घेऊन आला, खाली कवटी. मी त्याला म्हटलं, “लाज वाटत नाही?” तर म्हणाला, “वहिनी, भारी दिसतंय की!” तो पोरगा आज पतसंस्थेत कारकून आहे, रोज कपाळाला गंध लावतो. वाईट नव्हता. त्याला खरंच भारी वाटलं होतं. ते भारी वाटणं कुठून आलं होतं, ते तुम्ही मला विचारू नका, मी तुम्हाला विचारणार आहे.

लग्नाच्या आधी एकदा धनूनेच पिकअप माझ्यासमोर थांबवली.

“वहिनी, आमच्या घरातला दोर तुम्ही लपवायला लावला?”

“कोण म्हणालं?”

“आई म्हणाली. तिच्या पोटात काही ऱ्हात नाही.” आणि तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. “मी कशाला मरू? मला नाही मरायचं.”

खरं सांगते, त्याच्या हसण्याने मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

“मग फोटो कशासाठी काढलास?”

“लोकांना बघायला.”

“कुठल्या लोकांना?”

“आहेत लोक.” त्याने गिअरवर हात ठेवला, काढला. “पूनमच्या लग्नाचं शूटिंग तुमच्याकडंच आहे ना? परण्याला तुम्ही पुढं असता का मागं?”

“पुढं. नवरदेवाचं तोंड मागून कसं दिसणार?”

“म्हणजे उलटं चालता.”

“उलटंच चालावं लागतं.”

त्याने गिअर टाकला. मग म्हणाला, “मधून चालू नका. रस्त्याच्या कडेनं चाला. पडाल.”

आणि गेला. मी घरी येऊन सदाशिवला सांगितलं, “बघा, किती काळजीनं बोलला.” सदाशिव म्हणाला, “मग झालं तर. आता झोपू दे मला शांत.”

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. ऊन उतरायच्या आधी परण्या निघाला. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला जातो ती मिरवणूक. पुढे बँड, मध्ये नाचणारी पोरं, घोडा, आणि मागे नटलेल्या बायका. कापसाच्या जिनिंग मिलच्या गेटापासून मारुतीपर्यंत रस्ता चढाचा आहे. मी पुढे, तोंड मिरवणुकीकडे, पाठ चढाकडे. मधूनच चालत होते. कडेने चालून घोडा आणि बँड एका चौकटीत येत नाहीत.

खड्डा आहे का बघायला मागे वळले तर चढाच्या टोकाला दुधाची पिकअप उभी. तोंड आमच्याकडे. हौद्यात एक कॅन नाही. संध्याकाळच्या दुधाची वेळ, आणि दुधाची गाडी रिकामी.

माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हा सगळ्यांसमोर काहीतरी पिणार. हातात बाटली आहे का ते बघायला मी कॅमेरा उचलला आणि त्याचा चेहरा जवळ ओढला. बाटली नव्हती. दोन्ही हात स्टेअरिंगवर. अंगात तोच पांढरा शर्ट. त्याला कॅमेरा दिसला. आणि साहेब, त्याने हनुवटी वर केली. उजवा खांदा पुढे घेतला.

त्याने मला पोझ दिली.

मरायला निघालेला माणूस कॅमेऱ्याकडे बघून खांदा नीट करत नाही. तेव्हा मला ती चौकट कुठे बघितली होती ते आठवलं. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर नव्हे. आतल्या खोलीतल्या टीव्हीवर. डावीकडे टेम्पोवाल्याचा चेहरा, उजवीकडे तुमची आगीची अक्षरं. धनूने जी जागा मोकळी सोडायला सांगितली होती ती तुमच्यासाठी होती. टीव्ही आडवा असतो म्हणून फोटो आडवा. मागायला येणारे ‘लोक’ म्हणजे तुम्ही.

मी धावले. कॅमेरा गळ्यात आपटत होता. मागून कुणीतरी ओरडलं, “ओ वहिनी, नवरदेव इकडं आहे!” पिकअपचं डावीकडचं दार उघडलं आणि आत चढून बसले. इंजिन चालू होतं.

“उतरा वहिनी.”

“नाही उतरत.”

“तुम्हाला मी कडेनं चाला म्हणलं होतं.”

“म्हणाला होतास. का म्हणाला होतास ते आत्ता कळलं.”

“माझं तुमच्याशी काही नाही. उतरा.”

“ती हिरव्या साडीतली बाई तुझी मावशी आहे. तिच्याशी काय आहे तुझं? आणि घोडेवाल्याशी? त्याला तर तू कधी बघितलंही नसशील.”

“गप बसा!”

त्याचा पाय खाली गेला आणि गाडी जागच्या जागी गुरगुरली. हँडब्रेक ओढलेला होता, त्यावर त्याचा डावा हात आला. मी त्या हातावर माझे दोन्ही हात ठेवले. मी आईची शपथ घातली. त्याने ऐकली नाही. मी म्हटलं, पूनम यात नाहीच, ती घरात बसलीय हळदीच्या अंगानं.

“माहितीये मला,” तो म्हणाला. “तिला काही करायचंच नाही. तिला बघू दे. जन्मभर टीव्हीवर बघू दे.”

“कुणाला?”

“मला.”

खाली ताशा तडतडत होता. बँड चढाला लागला होता. मी कुणी शहाणी बाई नाही. मला त्या वेळी देवधर्म, पाप, कायदा काही सुचलं नाही. तोंडाला जे आलं ते बोलले.

“तुला कशाला दाखवतील? आधी त्याला दाखवतील. त्याला मोठा, सगळ्या पडद्यावर. तुला कोपऱ्यात, एवढ्याशा चौकटीत. खाली लिहितील, दुसरा टेम्पोवाला.”

“माझी पिकअप आहे.”

“कोण बघतंय! टेम्पोवालाच म्हणतील. तुझ्याआधी त्याचं नाव घेतील, तुझ्यानंतर त्याचं नाव घेतील. त्याला बघून केलं म्हणतील. तू म्हणजे त्याची नक्कल.”

“नाव सांगतील माझं.”

“दोन दिवस. मग तिसरा येईल कुणीतरी, तेव्हा तुझं तेही बंद.”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा असा झाला होता की मी तो आजही कुणाला सांगू शकत नाही.

“दुसरा?” तो म्हणाला.

“दुसरा.”

पाय सैल पडल्यासारखा इंजिनाचा आवाज खाली आला. मी किल्ली फिरवली आणि काढून पोलक्यात टाकली. तेवढ्यात बँड आमच्यावर येऊन धडकला. पोरं बॉनेटवर थापा मारायला लागली.

“ए धन्या, उतर की! नाचायला ये!”

“दुधात पाणी घालून दमला काय रं?”

“वहिनीला घेऊन कुठं चाललास लेका?”

त्यांनी त्याच्या बाजूचं दार उघडलं, हाताला धरून त्याला खाली ओढलं आणि पांढऱ्या शर्टावर गुलाल उधळला. धनू मधे उभा. चहूबाजूंनी पोरं उड्या मारतायत. आणि तो नाचायला लागला. तुम्हाला खोटं वाटेल. हात वर करून नाचत होता आणि ढसाढसा रडत होता.

“रडतंय बघा! पूनम चालली म्हणून रडतंय!”

सगळे हसले. नवरदेवालाही घोड्यावर हसू आलं. हिरव्या साडीतली मावशी काचेजवळून जाताना मला म्हणाली, “तू का गं आत बसलीस? पाय दुखले का?”

मी म्हटलं, “हो, दुखले.”

पुढे पूनमच्या वडिलांनी सीडी बघून तक्रार केली, की परण्याचं शूटिंग अर्धं कुठे गेलं. मी सांगितलं, बॅटरी संपली. खरं फक्त सदाशिवला आणि भागाबाईला सांगितलं. भागाबाईने लेकाला मारलं नाही, एक शब्द बोलली नाही. विळा घेतला आणि टीव्हीची केबल खांबापासून कापून टाकली. तिच्याबरोबर अर्ध्या गल्लीचा टीव्ही बंद पडला. गल्लीतल्या बायका भांडायला आल्या, तर ती दारात विळा घेऊनच उभी होती.

धनूचा फोटो मी त्याच संध्याकाळी पुसला. त्याने स्वतःच्या मोबाइलमधला माझ्यासमोर पुसला. पोलिसांना सांगितलं नाही, आणि ते बरोबर की चूक यावर तुमच्याशी वाद घालणार नाही. सांगितलं असतं तर ठाण्यातून तुमच्याकडे यायला किती वेळ लागला असता?

धनू सावरला. हळूहळू सावरला. पिकअप विकली, पशुखाद्याचं दुकान टाकलं. लग्न झालं, मुलगी झाली. भागाबाई नातीचे लाड पुरवून गेली. पूनम सासरी सुखात आहे, तिला यातलं काही माहीत नाही. माझ्याकडे यायची तेव्हा धनूचं विचारायचीसुद्धा. “तो दूधवाला अजून तसाच घुम्या आहे का हो?”

आणि मग या महिन्यात मला तुमच्या माणसाचा फोन आला.

“मॅडम, वरात कांडाला दहा वर्षं होतायत. आम्ही विशेष कार्यक्रम करतोय. तुमच्या गावातही असाच प्रयत्न झाला होता आणि तुम्ही त्या गाडीत होतात, अशी आमच्याकडे माहिती आहे.”

“कुणी दिली?”

“ते आम्ही सांगू शकत नाही.”

मी फोन ठेवला आणि सदाशिवच्या अंगावर गेले. “तुम्हीच कुठंतरी बोललात. बसला असाल चहाच्या टपरीवर, आणि सोडली असेल पुडी.” तो चिडला, शपथा घेतल्या, जेवला नाही. माझा विश्वास बसेना. भागाबाई तर गेलेली. म्हणजे तिने मरायच्या आधी सुनेला सांगितलं? सुनेने माहेरी सांगितलं? त्या मावशीला संशय आला होता का? जमादार? मी चार दिवस गावातल्या एकेका तोंडाकडे बघत फिरत होते. शेवटी धनूला सावध करावं म्हणून त्याच्या दुकानात गेले.

तो पेंडीच्या पोत्याचं तोंड शिवत होता. त्याची पोरगी वजनकाट्यावर बसून, “पप्पा, मी किती भरले?” विचारत होती.

“धनू, चॅनेलवाल्यांना कुणीतरी सांगितलंय रे.”

त्याचा दाभण थांबला. पोरीला म्हणाला, “जा गं, आईकडं जा.” ती गेली. तो माझ्याकडे बघेना.

“मीच लावला फोन,” तो म्हणाला.

“तू?”

“जाहिरात लागली होती टीव्हीवर. त्याचा तोच फोटो, तोच आवाज. खाली नंबर होता, काही माहिती असेल तर कळवा म्हणून. घरात कुणी नव्हतं.”

“आणि तू कळवलंस?”

“लय चांगलं बोलले वहिनी. सर म्हणाले मला.”

“काय विचारलं?”

“सगळंच. आधी काय खाल्लं होतं, कुठला शर्ट होता. मग म्हणाले, सर, त्या दिवशी तुम्ही गाडी सोडली असती तर अंदाजे किती गेले असते?”

“आणि?”

“सांगितला आकडा.”

बाहेर त्याची बायको पोरीला ओरडत होती. तो दाभणाचं टोक बोटावर दाबत बसला.

“वहिनी, खरं सांगू? आकडा सांगितला आणि मला बरं वाटलं. ते म्हणाले, बाप रे. असं कुणी म्हणलं नव्हतं मला आजपर्यंत.”

मी दार ओढून घेतलं.

“रविवारी गाडी पाठवतायत,” तो म्हणाला. “मला नाही जायचं. पोरगी मोठी होतीय, तिला काय सांगू? पण गाडी दारात आली तर मी बसेन. मला माहितीये मी बसेन. तुम्ही या रविवारी. मला आत घालून बाहेरनं कडी लावा.”

मी येईन म्हणाले आहे. जाईन, कडी लावीन, दाराला पाठ लावून बसेन. आता माझे गुडघे पहिल्यासारखे नाहीत, पण बसेन. आणि तुमची गाडी त्याआधीच परत फिरली तर फिरो.

पण मला एक सांगा. त्या पलीकडच्या जिल्ह्यात, ज्यांच्या घरची माणसं मेली, त्यांच्यापैकी एकालाही तुमच्या माणसाने या महिन्यात ‘सर’ म्हणून फोन केला का? आणि संसाराला लागलेल्या माणसाला तू किती मारले असतेस, हे विचारायचं तुमच्या इथे कुणाला सुचलं? चॅनेल म्हणू नका, टीम म्हणू नका. एक माणूस असेल. त्याला खुर्ची असेल, घर असेल, लेकरं असतील. त्याने तो प्रश्न सांगितला आणि तुमच्या फोनवरच्या पोराने तो धनूला विचारला.

तो माणूस कोण? नाव सांगा.